कशावरूनकाकी

"काकी, आज फार उकडतंय, नाही?" असं नुसतं म्हटलं तरी ती मान तिरकी करून विचारायची, "कशावरून?" माझ्या हनुवटीवरून घाम ठिबकत असायचा, तिच्याही कपाळावरचं कुंकू ओघळलेलं असायचं, दारातलं कुत्रं जीभ बाहेर काढून पडलेलं असायचं; पण या तिघांपैकी कुणाचीही साक्ष तिला पुरत नसे. ती उठून खळ्यात जायची, उन्हात हात धरून बघायची आणि परत येऊन म्हणायची, "हां. उकडतां हाय खरां." धामणकोंडातली माणसं तिला कशावरूनकाकी म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, पुढे तोंडावरच म्हणू लागली, आणि तिनेही ते नाव नीट चौकशी करूनच स्वीकारलं असावं.

असं एखादं माणूस प्रत्येक गावात असतं. भाजीवालीच्या तागडीखाली वाकून बघणारं, लग्नपत्रिका आली तर मुहूर्त पंचांगात पुन्हा पडताळणारं. तुमच्याही ओळखीचं असेल. आपण त्याला हसतो, त्याची नक्कल करतो, आणि जमीन घ्यायची वेळ आली की त्यालाच बरोबर घेऊन जातो.

मी तिला भेटले ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. मी नुकतीच बी. ए. झाले होते, रत्नागिरीत मांडवीला घरी बसून होते आणि आई माझ्यासाठी स्थळं बघत होती. त्याच सुमारास मुंबईहून कॅन्सरवर संशोधन करणारं डॉक्टरांचं एक पथक रत्नागिरीत आलं. त्यांना इथली भाषा बोलणाऱ्या मुली हव्या होत्या. स्थळांपेक्षा हे बरं म्हणून मी गेले. काम असं होतं, की आम्ही प्रत्येक गावातल्या चार बायका निवडायच्या, त्यांना तोंडाच्या कॅन्सरबद्दल शिकवायचं, आणि त्यांनी पुढे आपापल्या वाडीतल्या बायकांना शिकवायचं. शिवाय पथकाचा जो अभ्यास चालला होता त्यात भाग घ्यायला, म्हणजे तोंड तपासून घ्यायला, प्रश्नांची उत्तरं द्यायला आणि थोडं रक्त द्यायला बायकांना राजी करायचं. हे सगळं मुख्यतः मशेरीपायी. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, तिची पूड करायची आणि ती बोटाने दातांना लावून बसायचं. यातलं "बसायचं" हे महत्त्वाचं. सकाळी आणि दुपारी मागच्या दारी मशेरी लावून बसण्याचा जो वेळ, तेवढाच काय तो त्या बायकांचा स्वतःचा वेळ होता. तो काढून घ्यायला आम्ही आलो होतो, आणि आमचं स्वागत व्हावं अशी आमची अपेक्षा होती.

वस्तीच्या एस.टी.ने मी पहिल्यांदा धामणकोंडात उतरले तेव्हा काकी थांब्यावरच बसली होती. पन्नाशीला आलेली, काटक, कासोटा घट्ट मारलेली. मी कोण, कुणाची, कशाला आले, हे तिने विचारून घेतलं आणि मग सबंध थांब्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "वीज मागितली, ती न्हाय आली. रस्ता मागितला, तो न्हाय आला. डॉक्टर कुनी मागितला नव्हता, मंग तो कसा आला?" या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. अजूनही नीट देता येईल असं वाटत नाही.

पथकाला गावात येऊ द्यायचं की नाही, यासाठी गावकऱ्यांनी देवीला कौल लावला. गुरव मूर्तीवर फुलं चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि उजव्या बाजूचं फूल आधी पडलं तर देवीचा होकार. उजवं फूल पडलं. सगळ्यांनी हात जोडले. काकीनेही जोडले, पण देवळाच्या पायऱ्या उतरताना माझ्या कानाशी लागून म्हणाली, "देवीवर माझा इश्वास हाय गो बाय. फुलां कोन चिकटवतां त्याच्यावर न्हाय." गुरवाच्या घरात कुणीच मशेरी लावत नाही, तेव्हा त्याचं काय जातंय, असंही तिचं म्हणणं होतं.

एवढं बोलणारी बाई शिबिरात नाव द्यायला मात्र सर्वांत पुढे. मी हरखून गेले. तिने माझा आनंद तिथेच संपवला. "मी शिकाय न्हाय आले. तुमी आमच्या बायकांना काय शिकवतास ता बघाय आले." आणि ती खरोखर बघत बसायची. प्लास्टरचा जबडा पुढे ठेवला की विचारायची, "ह्यो कोनाचा?" कुणाचाच नाही, प्लास्टरचा आहे, असं सांगितलं की, "कशावरून?" शेवटी मी तो नखाने खरवडून पांढरी भुकटी तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती हुंगली, मगच जबड्याला हात लावला. टॉर्चचंही तसंच. "ह्या टॉर्चीतून तोंडात काय जातां?" काही नाही काकी, नुसता उजेड जातो. "जातां म्हंजे कायतरी जातांच की!"

मला तिचा संशय येऊ लागला. ही इथलं सगळं ऐकून बाहेर कुणाला तरी सांगते, असं मला वाटे. आमच्या पथकाचे मोठे डॉक्टर, जे अतिशय हळू बोलत आणि चिडले की आणखी हळू बोलत, ते एकदा अगदीच हळू आवाजात म्हणाले, "या बाईंना वगळता येईल का?" येणार नव्हतं. बाकीच्या बायका दारातून आधी आत डोकावत आणि विचारत, "काकी बसलीय ना? मंग आमी येतो." काकी जिथे बसली आहे तिथे फसवणूक होणार नाही असा हिशेब होता. ती उठून गेली असती तर सबंध वर्ग उठला असता.

ती अशी का झाली, हे तिने एका दुपारी मला सांगितलं. सांगितलं म्हणजे, मी विचारलं नव्हतं म्हणूनच सांगितलं. तिचा धाकटा भाऊ काही वर्षांपूर्वी बाजाराला गेला होता. तिथे कसलंसं शिबिर होतं. ताकदीचं इंजेक्शन देतात म्हणून त्याला नेलं आणि नसबंदी करून सोडलं. पोराचं लग्न व्हायचं होतं. ते पुढे झालंच नाही. तो मुंबईला गेला, तो शिमग्यालाही येत नाही. "त्यानं इचारलान असतान ना, कशाचां इंजेक्शन म्हनून," काकी म्हणाली, "तर आज त्याची पोरां खळ्यात खेळली असती. कुनीतरी इचारायला होयां ना गो?" त्यानंतर तिच्या "कशावरून"चा मला त्रास होत राहिला, पण राग येईनासा झाला.

मशेरी सुटावी म्हणून आम्ही दंतमंजनाच्या पुड्या वाटत होतो. बायकांनी त्या मुकाट्याने घेतल्या. काकीने घेतली नाही. "फुकट ता पौष्टिक म्हनतात. पर फुकट देनाऱ्याला त्यात काय मिळतां ता कुनी सांगत न्हाय." मग विचार बदलून तिने एक पुडी घेतली. आधी तिने समई घासून बघितली. समई चकचकीत झाली, तेव्हा संशय वाढला. त्या वर्षी दिवाळीला तिचा नवरा मुंबईहून आला होता. ते मंजन तिने त्याला लावायला दिलं. तो रजा संपवून धडधाकट परत गेला, मुंबईला पोचल्याचं कुणाकरवी कळलं, तेव्हा कुठे तिने स्वतः चिमूट तोंडात घातली. मशेरी मात्र तिने भलत्याच कारणाने सोडली. तंबाखूचा दुकानदार तिला नेहमी एक मूठ वर घालून द्यायचा. इतकी वर्षं हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. एके दिवशी तिने त्याच्याकडे रोखून बघितलं. "ह्यो माझा मामा लागतो कशावरून?" असं म्हणून ती पुडी तशीच फळीवर ठेवून आली.

आता तिच्या जावेबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावरच येऊन ठेपतं. काकीचा नवरा आणि दीर दोघेही मुंबईला, गावकीने घेतलेल्या सामाईक खोलीत. इकडे घरात काकी आणि तिची जाऊ, दोघीच. जावेचं नाव यशोदा, पण काकी तिला धाकली म्हणायची आणि मग सगळेच म्हणत. धाकली बोलायला कमी, हसायला पुढे. काकी जगावर संशय घ्यायची आणि धाकली काकीवर डोळे मिटून विश्वास ठेवायची. काकीने सांगितलं तर ती विहिरीत उतरली असती. मागच्या दारी दोन दगड होते, एकावर काकी आणि दुसऱ्यावर धाकली, अशा त्या लग्न होऊन आल्यापासून मशेरी लावत बसत आल्या होत्या.

शिबिरात काकी अधूनमधून "एखाद्या बाई"बद्दल विचारायची. "एखाद्या बाईला तिखट लागलां तर तोंडात आग आग होते, त्याचां काय?" "एखाद्या बाईच्या गालात पांढरां दिसतां, पुसून जात न्हाय, तर?" मी सांगायचे, की असं असेल तर त्या बाईने लगेच दाखवावं, डॉक्टर बारीकसा तुकडा काढून मुंबईला तपासायला पाठवतील आणि वेळेवर उपचार झाला तर बाई वाचू शकेल. "वाचेल कशावरून?" मग मी चित्रं दाखवायचे. चित्रांवर तिचा विश्वास नव्हता. ती एखादी बाई म्हणजे काकी स्वतःच असणार, असा मला दाट संशय होता. ती धाकली होती, हे मला फार पुढे कळलं. तुम्हाला आधीच सांगून ठेवते.

तपासणीचा दिवस ठरला. डॉक्टरांनी निरोप दिला होता, की बायकांनी तोंड स्वच्छ करून यावं. शाळेच्या पटांगणात ही रांग लागली. मोठ्या डॉक्टरांनी पहिल्या बाईचं तोंड उघडून आत टॉर्च मारला, दुसऱ्या बाईचं बघितलं, तिसरीचं बघितलं आणि टॉर्च खाली ठेवला. सगळ्यांचे गाल आतून काळे कुळकुळीत. एवढे मुंबईचे डॉक्टर येणार, त्यांच्यापुढे घाणेरडं तोंड कसं उघडायचं, म्हणून झाडून साऱ्या बायका पहाटेपासून दुप्पट मशेरी घासून आल्या होत्या. काहींनी तर डॉक्टरांसाठी मुद्दाम ताजी भाजली होती. त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही धन्यता होती, की मला हसावं की रडावं ते कळेना. मग विहिरीवरून घागरी आल्या, पटांगणभर चुळा भरणं चाललं आणि तपासणी तिन्हीसांजेपर्यंत लांबली. काकी बायकांना पाणी ओतून देत होती. त्या गडबडीत धाकली कुठेच दिसली नाही. विचारलं तर काकी म्हणाली, "सड्यावर गवताला गेलीय." वाडीतल्या सगळ्या बायका इथे, आणि ही एकटीच गवताला कशी, एवढं माझ्या मनात येऊन गेलं.

रक्त द्यायची वेळ आली तेव्हा कुणी पुढे होईना. आणि काकी उठली. "आधी माझां घ्या." सगळे चकित झाले. मोठे डॉक्टर तर पहिल्यांदाच मोठ्याने बोलले, "शाबास!" कशावरूनकाकीने रक्त दिलं म्हटल्यावर आणखी चार-पाच जणींनी दिलं. आम्हाला वाटलं, जिंकलं. काकीने आमच्यासाठी सापळा लावला होता, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. तिचं म्हणणं साधं होतं. आपलं रक्त द्यायचं आणि त्याचं उत्तर परत येतं का ते बघायचं. आलं, तर ही माणसं खरी. मग धाकलीला त्यांच्या हवाली करायचं. नाही आलं, तर धाकलीला त्यांच्या वाऱ्यालाही उभं राहू द्यायचं नाही. भावाला एकदा हातातून दिलं होतं. जावेला न विचारता, न पारखता द्यायची तिची तयारी नव्हती.

मग प्रत्येक फेरीला मी एस.टी.तून उतरले की थांब्यावर काकी. "उत्तर आलां?" मी रत्नागिरीच्या कचेरीत विचारायचे, तिथले मुंबईला विचारायचे, तिथून यायचं, काम चालू आहे. मी येऊन सांगायचे, येईल. मला खरंच वाटत होतं येईल. आम्हा मुलींनाही कुणी याहून जास्त काही सांगितलं नव्हतं. थंडी गेली, आंब्याचा मोहोर गळून कैऱ्या धरल्या, उत्तर आलं नाही. वाडीतल्या बायकाही थांबल्या. काकीचं उत्तर येऊ दे, मग बघू, असं त्या सरळ म्हणू लागल्या.

शिमग्याला काकीने मला जेवायला बोलावलं. देवीची पालखी घरी येऊन गेली होती. पानात वडे आणि कोंबडीची झणझणीत सागुती. धाकली कोपऱ्यात वाटीभर पेज घेऊन बसली होती, तीही हळूहळू, एका गालाकडून गिळत होती. मी विचारलं, "हे काय?" काकी म्हणाली, "उपास हाय तिचा." शिमग्याला वडे-सागुतीच्या पंगतीत कसला उपास? मी धाकलीकडे बघितलं. ती ओठ मिटून हसली. ती नेहमी सगळे दात दाखवून हसायची. मी घास हातात धरून काकीकडे बघत राहिले आणि तिने पहिल्यांदाच माझी नजर चुकवली.

वैशाखात काकी कुणाला काही न सांगता मुंबईच्या गाडीत बसली. तिथे जे झालं ते मला तिने सांगितलं आणि मोठ्या डॉक्टरांनीही सांगितलं. दोघांचं जुळलं, म्हणून ते खरं असावं. इस्पितळात विचारत विचारत ती डॉक्टरांच्या खोलीशी जाऊन बसली आणि ते आल्यावर म्हणाली, "धामणकोंडाची मी. माझ्या रगताचां उत्तर नेयाला आले." डॉक्टरांनी तिला आत बसवलं. ते म्हणाले, की त्या रक्ताचं असं एकेकीला उत्तर येत नसतं. सगळ्या बायकांचं रक्त मिळून अभ्यास करायचा, त्यातून काही वर्षांनी काही कळलं तर कळेल. "ते तुमच्यासाठी नाही काकी, पुढच्यांसाठी आहे. तुमच्या नातींसाठी."

काकी म्हणाली, "ता आधी का न्हाय सांगितलात?"

"सांगितलं असतं तर तुम्ही रक्त दिलं असतंत?"

"ता इचारून बघायचां होतात."

मग काकीने त्या एखाद्या बाईचं विचारलं. गालातल्या चट्ट्याचा तुकडा काढला, तर त्याचं तरी उत्तर येतं का? त्याचं येतं, डॉक्टर म्हणाले, लगेच येतं. ती तपासणी त्या बाईसाठीच असते. "कशावरून?" डॉक्टर उठले आणि तिला वॉर्डात घेऊन गेले. तिथे गुहागरकडची एक बाई होती, गालाला पट्टी बांधलेली, ऑपरेशन होऊन घरी जायच्या बेतात. काकी दुपारभर तिच्या खाटेवर बसली. माहेर कुठलं, तुकडा कधी काढला, उत्तर कुणी सांगितलं, तोंडावर सांगितलं की नवऱ्याला सांगितलं, सगळं विचारून घेतलं. डॉक्टरांच्या शब्दावर तिचा विश्वास बसला नव्हता. त्या गुहागरकरणीवर बसला.

तिथून ती थेट मांडवीला आमच्या घरी आली. उंबऱ्यावर उभी राहूनच म्हणाली, "चल. धाकली दाखवायची हाय." धाकलीने माझ्यापुढे तोंड उघडलं तेव्हा ते दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना. आत चट्टा नव्हता. चट्ट्याची जखम झाली होती. काकीने माझा चेहरा वाचला. त्यासाठी तिला पुरावा लागला नाही.

पावसाआधी धाकलीचं ऑपरेशन झालं, पुढे महिनाभर किरणांचे शेक दिले. काकी तिच्या उशाशी होती. प्रत्येक इंजेक्शन कशाचं, प्रत्येक गोळी कशाची, हे विचारून तिने सिस्टरांना भंडावून सोडलं, आणि त्या वॉर्डातल्या इतर बायकाही हळूहळू विचारू लागल्या, असं कानावर आलं. गणपतीला धाकली घरी आली. एक गाल आत गेलेला, बोलणं बोबडं. पण मागच्या दारच्या आपल्या दगडावर ती परत येऊन बसली.

आणि त्यानंतर काकीने जे शिकवलं, त्याला मी शिकवणं म्हणेन. आमच्यासारखा शाळेत वर्ग तिने भरवला नाही. मशेरीच्या वेळेला ती बायकांच्या मागच्या दारी जाऊन बसायची. धाकली बरोबर असायची. काकी म्हणायची, "माझ्यावर इश्वास ठेवू नका. हिचा गाल बघा." मग हातातला आरसा उन्हाकडे धरून एकीला दुसरीच्या तोंडात बघायला लावायची. रक्ताचं विचारायची वेळ आली की सांगायची, "ह्या रगताचां उत्तर तुला येनार न्हाय. तुज्या नातीला येईल, ता पन आलां तर. द्यायचां तर दे, नको तर नको. पर चट्टा असला तर त्याचां उत्तर तुला येतां, ता मी सोता जाऊन बघितलां हाय." आमच्या कचेरीत हे कळलं तेव्हा घबराट झाली. असं सांगितलं तर कोण रक्त देईल? दिलं. पूर्वी दिलं नव्हतं एवढ्या बायकांनी दिलं. खाडीपलीकडच्या मोहल्ल्यात आमची डाळ शिजत नव्हती, तिथे मी काकीला नेलं. तिथली म्हातारी खाला दाराआडून म्हणाली, "तुमच्यावर भरोसा का ठेवायचा?" काकीचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत तिला कुणी बरोबरीचं भेटलं नव्हतं. "ठेवूच नको!" म्हणत ती आत शिरली आणि दोघी संध्याकाळपर्यंत बोलत बसल्या.

धाकली त्यानंतर दोन पावसाळे जगली. मग दुखणं मानेत उतरलं आणि ती गेली.

मी भेटायला गेले तेव्हा काकी मागच्या दारी होती, आपल्या दगडावर. दुसऱ्या दगडावर बसायचा मला धीर होईना, म्हणून मी खाली जमिनीवर टेकले. तिने रडं आवरलं होतं की ते आलंच नव्हतं, कळत नव्हतं. शेजारच्या बायका येऊन गेल्या होत्या, कुणी कुणी बोलूनही गेल्या होत्या, की काकीनेच उशीर केला. दुसरं कुणी असतं तर त्याच हिवाळ्यात दाखवून मोकळं झालं असतं. काकी अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत होती.

"बाय," ती म्हणाली, "त्या रगताची वाट बघत बसले मी. सबंध हिवाळा गेला, शिमगा गेला. पेज घालीत होते तिला, पेज. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मी सांगेन तेव्हा जायन म्हनून. मी तेव्हाच धाडली असती, तर धाकली वाचली असती. मीच मारली तिला."

नाही म्हणाले असते तर तिने ते मानलं नसतं. समजुतीच्या शब्दांवर तिचा कधीच विश्वास नव्हता. हो म्हणायचं धाडस नव्हतं, आणि ते खरं होतं की नाही हे मला माहीतही नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. अशा वेळी माणसाच्या तोंडून जे येतं ते विचार करून येत नाही.

"कशावरून, काकी?" मी म्हणाले.

ती माझ्याकडे वळली. थट्टा करते की काय, म्हणून आधी संशयाने बघितलं. मग तसंच बघत राहिली. उभ्या जन्मात ज्यांना ज्यांना तिने हा प्रश्न विचारला होता, त्या सगळ्यांनी काहीतरी उत्तर दिलं होतं, खरं, खोटं, टाळाटाळीचं. तिच्याकडे एकही नव्हतं. आणि मग पदर तोंडाला लावून ती जी रडायला लागली, ती कोंबड्या झाडावर चढेपर्यंत रडत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले होते. मलाही रडू येत होतं, पण तेवढं मी आवरलं. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "खरां हाय गो. ता कुनाला ठावं?"

पुढच्या वर्षी पथकाचं काम संपलं. माझं लग्नही ठरलं, कोल्हापूरला. निरोप घ्यायला मी धामणकोंडात गेले. काकीने पिशवीभर आमसुलं दिली आणि जावयाची चौकशी सुरू केली. मुलगा चांगला आहे म्हटल्यावर, "कशावरून?" घरची माणसं सालस आहेत म्हटल्यावर, "कशावरून?" थांब्यापर्यंत ती मला उलटसुलट विचारत आली. शेवटी, आरसा हाय ना गो घरात, स्वतःच्या तोंडात बघत जा, असं बजावलं. एस.टी. आली. मी पायरीवर चढले, मागे वळून म्हणाले, "काकी, गणपतीला येईन मी परत," आणि सवयीने थांबले, ती विचारील म्हणून.

तिने मान तिरकी केली. माझ्याकडे बघितलं. "बरां," म्हणाली आणि हात हलवला.

कोल्हापुरात नवं घर होतं, नवी माणसं होती, आणि पहिल्याच गणपतीला सुनेने बाहेर जायचं कुणाला रुचलं नाही. तरी मी गेले. तिने विचारलं नव्हतं, म्हणून जाणं भागच होतं.